स्वादुपिंडाच्या कर्करोगाची वाटचाल

एखाद्याचे डोळे पिवळे दिसू लागले, की आपल्याकडे प्रथम कावीळ उतरविणाऱ्याचा शोध सुरू होतो. उज्जयिनीसारखे शहर असो की विदर्भातले खेडे असो, काविळीवर झाडपाला देणारा किंवा गळ्यात माळ घालणारा कोणीतरी ओळखीचा निघतोच. पुष्कळदा रोगी बराही होतो. कारण विषाणूंमुळे झालेली कावीळ बहुधा आपोआप ओसरते. श्रेय मात्र माळेला मिळते. परंतु पन्नाशी उलटलेल्या माणसास ताप नसताना, पोटात फारसे दुखत नसताना कावीळ झाली, अंगास खाज सुटली, मळ पांढुरका होऊ लागला आणि वजन घटत चालले, तर ती कावीळ निराळी असण्याचा संभव असतो. तिचे मूळ यकृतात नसून स्वादुपिंडात असू शकते. या स्वादुपिंडाच्या कर्करोगाविषयी, आणि त्याचा माग रेणूंच्या पातळीपर्यंत घेणाऱ्या शल्यवैद्यांविषयी, आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी पसरलेली, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी होय. अन्न पचविणारा रस आणि रक्तातील साखर आवरणारे इन्शुलिन ही दोन्ही तिचीच निर्मिती. यकृतातून येणारी पित्तनलिका हिच्या मस्तकाजवळून आतड्यात उतरते. तेथे गाठ झाली, तर पित्ताची वाट अडते आणि कावीळ दिसते. गाठ शेपटाकडे झाली, तर एवढी सूचनाही मिळत नाही. त्यामुळे निदान होते तेव्हा पाच रोग्यांपैकी जेमतेम एकाचीच गाठ काढून टाकण्याजोगी असते.

ही गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेला अमेरिकन शल्यवैद्य ॲलन व्हिपल यांचे नाव मिळाले आहे. त्यांनी १९३५ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. स्वादुपिंडाचे मस्तक, आतड्याचा आरंभीचा भाग व पित्तनलिकेचा अंश काढून उरलेले भाग पुन्हा जोडावयाचे, असे हे बिकट काम आहे. एके काळी या शस्त्रक्रियेनंतर चारांतला एक रोगी दगावत असे. आता अनुभवी रुग्णालयांत हे प्रमाण शेकडा पाचाच्या खाली आले आहे. तरीही गाठ निर्दोष काढल्यावर पुष्कळांचा रोग परत येतो. हात सुधारला, पण रोग हटला नाही. येथेच शल्यवैद्याला सुरी बाजूला ठेवून सूक्ष्मदर्शकाकडे वळावे लागले.

पेशीने केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे, हे एकामागून एक निरोप देणारे रेणू ठरवीत असतात. या निरोपांच्या साखळीलाच रेणवीय मार्ग म्हणतात. ‘के-रास’ नावाचे प्रथिन हे त्या मार्गावरील एक बटण होय. ते क्षणभर चालू होते आणि बंद पडते. त्याच्या जनुकात एक सूक्ष्म बदल झाला, की बटण चालूच राहते आणि पेशीला वाढण्याचा हुकूम अखंड मिळत राहतो. स्वादुपिंडाच्या बहुतेक सर्व कर्करोगांत हा बिघाड असतो, हे १९८८ साली कळले. पुढे वाढीला लगाम घालणारी ‘पी-१६’, ‘पी-५३’ आणि ‘स्मॅड-४’ ही जनुकेही एकेक करून निकामी होतात, असे दिसून आले. २००८ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २४ गाठींची जनुके वाचली. प्रत्येक गाठीत सरासरी ६३ बदल आढळले. पण ते सारे मिळून बारा प्रमुख मार्गांवरच घाला घालीत होते.

या शोधात शल्यवैद्यांचा वाटा मोठा आहे. कारण काढलेली गाठ ताजी असताना प्रथम त्यांच्याच हाती येते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे मार्कुस ब्यूखलर व हेल्मूट फ्रीस या शल्यवैद्यांच्या गटाने १९९९ साली दाखविले, की मज्जातंतूंची वाढ करणारे एक प्रथिन या गाठींत जितके अधिक, तितका कर्करोग मज्जातंतूंत अधिक शिरतो आणि रोग्याच्या वेदनाही वाढतात. याच परंपरेत, बर्न आणि हायडेलबर्ग येथे शिक्षण घेतलेले मराठी शल्यवैद्य म्हणजे डॉ. शैलेश श्रीखंडे होत. आपल्या उष्ण प्रदेशात आढळणारा स्वादुपिंडाचा जुनाट दाह आणि मद्यपानाने होणारा दाह यांच्या ऊतींची तुलना करणारा त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. कारणे भिन्न असली, तरी पुढे सर्व दाह एकाच वळणावर येतात, असा त्याचा निष्कर्ष होता. जुनाट दाहातून कर्करोगाचा धोका वाढतो, हे ध्यानी घेता त्याचे महत्त्व कळेल. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात त्यांनी स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेचे कार्य पुढे वाढविले. १९४१ साली स्थापन झालेल्या या रुग्णालयाकडे देशभरातून रोगी येतात. उज्जयिनीहून अवंतिका एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठता येते.

या संशोधनाचा रोग्याला काय लाभ? ‘के-रास’वर औषध लागू पडणारच नाही, असे दीर्घकाळ मानले जाई. २०२१ साली त्याच्या एका विशिष्ट बिघाडावरील पहिल्या औषधाला, फुप्फुसाच्या कर्करोगासाठी, अमेरिकेत मान्यता मिळाली. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हा प्रकार शंभरांत एकदोघांतच आढळतो. पण बंद दाराला फट पडली, हे खरे.

याहून आशादायक गोष्ट २०१० साली समजली. गाठींतील बदलांवरून काळाचा हिशेब मांडला असता असे दिसले, की पहिल्या बिघाडापासून कर्कपेशी जन्मास येईपर्यंत निदान दहा वर्षे जातात. तिला अन्य अवयवांत पसरण्याचे सामर्थ्य येण्यास आणखी किमान पाच वर्षे लागतात. म्हणजे हा रोग अकस्मात कोसळत नाही. तो वर्षानुवर्षे आत वाटचाल करीत असतो आणि आपण त्याला शेवटच्या मुक्कामी पाहतो. त्या पंधरा वर्षांत त्याचे पाऊल ओळखता येईल अशी खूण रक्तात सापडावी, यासाठी आज संशोधकांची धडपड चालू आहे.

ती सापडेपर्यंत सामान्य माणसाच्या हाती दोन गोष्टी आहेत. एक, तंबाखू सोडणे. कारण धूम्रपानाने या रोगाचा धोका सुमारे दुप्पट होतो. दुसरी, उतारवयात न दुखता आलेली कावीळ, किंवा वजन घटत असताना नव्याने उद्भवलेला मधुमेह, यांची विनाविलंब तपासणी करून घेणे. अशा प्रत्येकास कर्करोग असतो, असे मुळीच नाही. तपासणीअंती पुष्कळदा साधा पित्ताचा खडाही निघतो. पण ज्याच्या नशिबी गाठ असेल, त्याच्यासाठी माळ गळून पडण्याची वाट पाहण्यात गेलेले आठवडे फार मोलाचे असतात. गाठ काढण्याजोगी असण्याची मुदत कदाचित तेवढीच उरलेली असते.