खिशातला कॅमेरा पारखताना

२००० साली जपानमध्ये शार्प कंपनीचा जे-एसएच०४ नावाचा जो मोबाइल बाजारात आला, त्याच्या पाठीवरच्या इवल्याशा कॅमेऱ्याची क्षमता अवघी १ लाख १० हजार पिक्सेल एवढी होती. आणि आज आपल्याकडील कोणत्याही तालुक्याच्या बाजारपेठेत, दुकानाच्या दर्शनी काचेवर, २०० मेगापिक्सेल, म्हणजे वीस कोटी पिक्सेल, हा आकडा ठळक अक्षरांत झळकताना दिसतो. पाव शतकात हा आकडा सुमारे अठराशे पटींनी वाढला. परंतु चित्राची गुणवत्ता त्याच प्रमाणात वाढली काय, असे एखाद्या चिकित्सक ग्राहकाने विचारले, तर चित्रे निःसंशय फार सुधारली, मात्र ज्या कारणांनी ती सुधारली त्यांत या आकड्याचा वाटा सर्वांत थोडा आहे, असेच प्रामाणिक उत्तर द्यावे लागेल. वीस-पंचवीस हजारांची रक्कम रोखीने वा हप्त्याने मोजणाऱ्या कुटुंबाला ती खरी कारणे ठाऊक असावीत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कॅमेऱ्याचे मर्म त्याच्या भिंगामागे बसविलेल्या सिलिकॉनच्या चिमुकल्या आयतात असते. त्याला सेन्सर म्हणतात. भिंगातून आलेल्या प्रकाशाचे विजेत रूपांतर करून त्यापासून चित्र घडविण्याची वाट विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघा शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत खुली केली आणि त्याबद्दल २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९९० च्या दशकात, अंतराळयानांसाठी हलके कॅमेरे घडविण्याच्या खटपटीत असताना, एरिक फॉसम यांनी नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत त्याहून कमी वीज खाणारा जो प्रकार विकसित केला, त्याचेच वंशज आज आपल्या खिशात आहेत. हा सेन्सर स्वभावतः रंगांध असतो. म्हणून प्रकाश टिपणाऱ्या त्याच्या प्रत्येक इवल्या घरावर, म्हणजे पिक्सेलवर, हिरव्या, तांबड्या किंवा निळ्या रंगाची गाळणी बसवितात. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांनी १९७६ च्या आपल्या पेटंटात, मानवी नेत्र हिरव्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील आहे हे ध्यानी घेऊन, निम्मी घरे हिरवी आणि उरलेली तांबडी व निळी अशी जी वाटणी सुचविली, तीच अल्पस्वल्प फरकाने आजही चालू आहे.

या घरांचीच गणती मेगापिक्सेलमध्ये करतात. आता सेन्सरचे क्षेत्रफळ तेवढेच ठेवून घरांची संख्या चौपट केली, तर प्रत्येक घराच्या वाट्याला येणारा प्रकाश एक चतुर्थांश होणार, हे उघड आहे. सातबाऱ्यावरचे पोटहिस्से वाढले म्हणून शिवारातले धान्य वाढत नाही. किंबहुना प्रकाश स्वतःच या विभागणीला मर्यादा घालतो. प्रकाशकिरण भिंगाच्या छिद्रातून जाताना किंचित पसरतात, आणि एफ/१.८ मापाचे छिद्र असलेल्या निर्दोष भिंगानेसुद्धा हिरव्या प्रकाशाचा बिंदू सुमारे २.४ मायक्रॉन व्यासाच्या ठिपक्याएवढाच बारीक होऊ शकतो. २०० मेगापिक्सेलच्या सेन्सरमधले एकेक घर मात्र साधारण ०.६ मायक्रॉनचे असते. म्हणजे एकाच ठिपक्याखाली कित्येक घरे झाकली जातात, आणि त्या सर्वांनी मिळून एकच साक्ष द्यावयाची असते. म्हणूनच असे मोठ्या आकड्यांचे फोन नेहमीच्या वापरात, आपापल्या आकड्याच्या मानाने, चार, नऊ किंवा सोळा घरांची बेरीज करून बहुधा बारा-सोळा मेगापिक्सेलांचेच छायाचित्र हाती देतात. हा दोष नव्हे, शहाणपणाच आहे. पण मग काचेवरच्या त्या आकड्यासाठी जादा पैसे का मोजावेत?

मोजायचेच असेल तर सेन्सरचे आकारमान मोजावे. तपशीलपत्रकात ते १/२ इंच, १/१.३ इंच असे लिहिलेले असते, आणि अपूर्णांकाखालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा. या इंचाचा मात्र आपल्या फूटपट्टीशी सरळ संबंध नाही. जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत. त्या नळीचा बाहेरचा व्यास ज्या इंचात सांगत, तोच शिरस्ता पुढे चालू राहिला, आणि म्हणून ज्याला एक इंची म्हणतात तो सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटरांचा भरतो. अर्ध्या इंचाच्या सेन्सरचे क्षेत्रफळ जेमतेम ३१ चौरस मिलिमीटर. सायंकाळच्या मंद उजेडात हा जवळजवळ चौपट फरक चित्रात स्पष्ट उमटतो. मोठा सेन्सर आणि पुष्कळ पिक्सेल यांचा विवेकपूर्ण मेळ २०१२ मध्येच नोकियाच्या ८०८ प्युअरव्ह्यूने घातला होता. त्यात ४१ मेगापिक्सेल असूनही फोनने आपण होऊन काढलेले चित्र पाच मेगापिक्सेलचे असे. अ‍ॅपलने तर २०१५ पासून २०२१ पर्यंत आयफोनचा मुख्य कॅमेरा बारा मेगापिक्सेलांवरच ठेवला, आणि त्या काळात त्याच्या चित्रांना कोणी हलके लेखल्याचे ऐकिवात नाही.

दुसरे मोठे कारण गणिताचे आहे. आपण एकदा बटण दाबतो, पण फोन एका पाठोपाठ एक अशी अनेक चित्रे टिपतो, ती एकमेकांवर अचूक बसवितो आणि त्यांची सरासरी काढतो. अंधारात चित्रावर जी रवाळ धूळ दिसते ती प्रत्येक चित्रात वेगळ्या ठिकाणी पडलेली असल्यामुळे, नऊ चित्रांची सरासरी काढली की ती सुमारे एक तृतीयांशावर येते. गूगलने आपल्या पिक्सेल फोनमध्ये २०१८ साली आणलेल्या नाइट साइटने या पद्धतीचे सामर्थ्य सर्वसामान्यांच्या प्रत्ययास आणून दिले, आणि आता बहुतेक प्रत्येक फोनात रात्रीच्या छायाचित्रणाची अशी सोय असते. परंतु या सरासरीची एक अट आहे: समोरचे दृश्य स्थिर पाहिजे. देवळाची दीपमाळ अशा चित्रात उत्तम येते. घरभर धावणारे दोन वर्षांचे मूल येत नाही. दुकानदार जी नमुन्याची रात्रदृश्ये दाखवितो, ती सारी निश्चल वस्तूंची का असतात, याचा उलगडा यातून व्हावा. लहान मुलांच्या घरासाठी फोन घेणाऱ्याने रात्रीच्या देखाव्यांवर न भाळता, घरातल्या एका दिव्याच्या उजेडात हलत्या माणसाचा फोटो काढून पाहावा आणि तो मोठा करून डोळ्यांच्या पापण्या वेगळ्या दिसतात की नाही, हे तपासावे.

गणिताला आणखी एक बाजू आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चित्र कसे दिसावे हे ठरविणारा कोणीतरी असतो, आणि त्याची अभिरुची त्या गणितात उतरते. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅकने प्रयोगशाळांना रंग जुळविण्यासाठी जी नमुन्याची छायाचित्रे पुरविली, त्यांत दीर्घ काळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. परिणामी काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे फोटोत कधी राखेसारखे, कधी केवळ दात आणि डोळे तेवढे चमकणारे असे येत. गूगलने २०२१ मध्ये रिअल टोन या नावाने या अन्यायाचे परिमार्जन करण्याचा उघड प्रयत्न केला. पण आपल्या बाजारातले अनेक फोन अजूनही, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्याने, न विचारता चेहरा उजळ करतात, त्वचेवरच्या सुरकुत्या पुसतात, हनुवटी निमुळती करतात. विठ्ठलाच्या सावळेपणावर ज्या प्रदेशाने सातशे वर्षे प्रेम केले, त्या प्रदेशातील आजीचा रापलेला, सुरकुत्यांनी समृद्ध झालेला चेहरा तिच्या नातवाच्या फोनमध्ये पिठूळ आणि परका होऊन बसावा, ही गोष्ट मनाला फार लागते. हा चेहरा वीस वर्षांनी पाहावयाचा आहे. तेव्हा फोन घेताना सौंदर्यवर्धनाची ती सोय पूर्णपणे बंद करता येते काय, आणि ती बंद केल्यावर सोबतच्या माणसाचा वर्ण समोर दिसतो तसाच पडद्यावर येतो काय, याची खातरजमा केल्यावाचून दुकानाची पायरी उतरू नये.

पारखण्याची आणखी काही साधने आपल्या अंगणातच आहेत. उन्हातले तांबडे जास्वंद घ्या. कमी प्रतीचा कॅमेरा त्याच्या पाकळीचा एकसंध लाल डाग करतो. चांगला कॅमेरा पाकळीवरच्या शिरा आणि मधल्या केसराची सावली राखतो. पैठणीचा काठ दोन हातांवरून टिपून मोठा करून पाहा: जरीच्या धाग्यांभोवती पांढुरकी किनार दिसली तर फोनने कृत्रिम धार चढविली आहे असे समजावे, आणि धाग्यांऐवजी रंगाचा लेप दिसला तर रवाळपणा घालविण्याच्या भरात त्याने तपशीलही धुऊन टाकला आहे. ट्यूबलाइटची परीक्षाही अवश्य घ्यावी. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्यामुळे जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट आणि कित्येक स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण सेन्सर चित्र ओळीओळीने वाचत असल्याने व्हिडिओत वरून खाली सरकणारे काळसर पट्टे उमटतात. बऱ्याच फोनांच्या सेटिंग्जमध्ये त्यासाठी ५० हर्ट्‌झची निवड असते. ती करूनही पट्टे राहिले, तर त्या फोनवर मुलांच्या स्नेहसंमेलनाचे चित्रण करण्याची आशा सोडावी.

पाठीवर तीन-चार भिंगे आहेत, एवढ्याने हुरळून जाऊ नये. स्वस्त फोनांत त्यांपैकी एखाद-दोन केवळ दोन मेगापिक्सेलांची, गणतीपुरती बसविलेली असतात. मुख्य कॅमेरा उत्तम, त्याला हाताचे कंप शोषून घेणारी ओआयएस नावाची यांत्रिक सोय, आणि सोबत एखादे खरोखर दूरचे आणणारे भिंग, एवढे पुरे. असे दुपटी-तिपटीचे भिंग माणसांच्या फोटोंसाठी फार उपयोगी पडते, कारण जवळ जाऊन काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. चार पावले मागे सरून तेच भिंग वापरले की चेहरा प्रमाणबद्ध येतो.

आता नित्याच्या वापराकडे वळू. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणी सुरू झाल्यापासून मोबाइलचा कॅमेरा हा महसुली दप्तराचाही एक भाग झाला आहे: खातेदाराने आपल्या गटात उभे राहून पिकाचा फोटो काढावयाचा आणि त्यावरून सातबाऱ्यावर पीकपेऱ्याची नोंद व्हावयाची. या कामी सेन्सर कसाही चालतो. लागतो तो भर दुपारच्या उन्हात वाचता येईल असा पडदा, म्हणजे किमान हजार नीट्सच्या आसपास उजेड देणारा, आणि स्थान अचूक सांगणारे जीपीएस. दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच पडदे देखणे दिसतात, म्हणून फोन हाती घेऊन एकदा दाराबाहेर उन्हात जावे.

कागदपत्रांच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. सेन्सर जितका मोठा, तितका जवळचा पदार्थ सर्वांगाने स्पष्ट येणे कठीण. त्यामुळे महागड्या फोनने फेरफाराचा उतारा जवळून टिपला की मधली अक्षरे रेखीव आणि कोपऱ्यांतली पुसट येतात. फोन हातभर मागे न्यावा आणि दुपटीने मोठे करून फोटो घ्यावा, म्हणजे काम होते. मात्र तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या रीतीने धाडला तर त्याचे आकारमान वाटेत घटते. कचेरीत द्यावयाचा कागद डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावा.

साठवणीचा हिशेब अगोदर करावा. आयफोनवर फोरके दर्जाचे, सेकंदाला तीस चित्रांचे चित्रण मिनिटाला सुमारे १७० मेगाबाइट जागा घेते, म्हणजे तासाला दहा गीगाबाइट. लग्नाच्या एका दिवसात १२८ गीगाबाइटच्या फोनचा मोठा भाग भरून जावा. जे फोटो जपावेसे वाटतात त्यांच्यासाठी २५६ गीगाबाइटची तजवीज करावी आणि वर्षातून एक-दोनदा त्यांची प्रत घरच्या संगणकावर उतरवून ठेवावी. बॅटरीची ५००० एमएएच ही क्षमता आता सर्वसाधारण झाली आहे. पाण्यापासून संरक्षणाची आयपी६८ ही खूण असेल तर कोकणातल्या पावसात मनाला स्वास्थ्य लाभते, पण ती कसोटी गोड्या पाण्यात घेतलेली असते; समुद्राच्या खाऱ्या पाण्यासाठी ती नाही, आणि पाण्याने झालेली नादुरुस्ती बहुधा हमीत बसत नाही.

फोन किती वर्षे चालणार, हे आज बहुतांशी सुरक्षाविषयक अद्ययावतीकरणाच्या मुदतीवर अवलंबून आहे. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांची मुदत कबूल केली. स्वस्त फोनांत ती पुष्कळदा याच्या निम्म्याहूनही कमी असते. बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावरून करावयाचे, त्याची ही मुदत दुकानदाराला तोंडी न विचारता कंपनीच्या छापील वा अधिकृत तपशिलात पाहावी.

माझा स्वतःचा कौल विचाराल तर, पंचवीस हजारांत आजच निघालेला मध्यम फोन घेण्यापेक्षा, दोन वर्षांपूर्वीचा उच्च श्रेणीचा, हमीसह पुन्हा विक्रीस आलेला फोन कॅमेऱ्याच्या दृष्टीने बहुधा सरस ठरतो. मोठा सेन्सर आणि चांगले भिंग दोन वर्षांत जुने होत नाही. जुनी होते ती बॅटरी, म्हणून ती बदलण्याचा खर्च किमतीत धरावा आणि अद्ययावतीकरणाची किती वर्षे शिल्लक आहेत ते पाहावे. असा फोन घेताना कॅमेऱ्याची काच स्वच्छ पुसून तिच्यावर तिरका उजेड टाकावा. आतल्या बाजूस धूळ वा बुरशीचे जाळे दिसले तर व्यवहार तिथेच थांबवावा. मग *#०६# हे आकडे फिरवून पडद्यावर येणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक पावतीवरच्या क्रमांकाशी ताडून घ्यावा आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी या सेवेवर तो चोरीचा म्हणून नोंदलेला नाही, याची शहानिशा पैसे देण्यापूर्वीच करावी.