बदल आणि पालट

दापोली तालुक्यातील मुरुड या गावी, नारळी-पोफळीच्या आगरांमधून समुद्राकडे निघालेल्या मुंबईकर पाहुण्यास आगमनाचे प्रयोजन पुसले, तर 'जरा चेंज म्हणून' असे उत्तर बहुधा मिळते. त्याच्या आजोबांनी याच प्रसंगी 'हवापालटासाठी' असे म्हटले असते.

हा 'चेंज' इंग्रजांच्याही घरचा नाही. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचांच्या सहवासात जी शब्दसंपत्ती इंग्रजीत आली, तिच्यातून तो आला. फ्रेंचांना तो उत्तरकालीन लॅटिनमधील 'कांबियारे' या क्रियापदापासून लाभला, आणि त्याचा अर्थ होता विनिमय, म्हणजे एक वस्तू देऊन दुसरी घेणे. त्याच्याही मागे गॉल देशातील केल्टिक बोली असावी, आणि तेथे मूळ अर्थ वाकणे, वळणे असा असावा, असा व्युत्पत्तिज्ञांचा तर्क आहे. नोटेची मोड मागताना आजही हाच शब्द वापरतात, त्यात पेठेतला तो जुना व्यवहार शाबूत आहे.

आश्चर्य हे की, आपले 'बदलणे' सर्वस्वी निराळ्या मार्गाने त्याच पेठेतून आले आहे. मूळ अरबी 'बदल' म्हणजे ऐवज, एकाच्या जागी दुसरे. फारसी दफ्तराच्या वाटेने तो मराठीत शिरला आणि बदली, बदला, मोबदला, अदलाबदल असा त्याचा परिवार वाढला. 'इतक्या रकमेबद्दल जमीन लिहून दिली' या दस्तऐवजी वाक्यातले 'बद्दल' हेही त्याच कुळातले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने फारसी-अरबी शब्दांस संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश सिद्ध झाला, पुढे मुरुडच्याच रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीचा हिरिरीने पुरस्कार केला, तरी हा शब्द लोकांच्या जिभेवरून हलला नाही. आणि माझ्या मते तो हलवण्याचे कारणही नाही.

परंतु 'पालटणे' हे त्याहून जुने. प्राकृत 'पल्लट्ट' आणि संस्कृत 'पर्यस्त' यांच्याशी त्याचे नाते आहे, आणि त्याचा गाभा आहे उलटणे: वस्तू तीच, बाजू दुसरी. निजलेला माणूस कूस पालटतो; शेतकरी त्याच जमिनीत पिकांची फेरपालट करतो. शिमग्यात पालखी मिरवत असता वाहणारा थकला म्हणजे दांडा दुसऱ्या खांद्यावर घेतो किंवा चालता चालताच शेजाऱ्याच्या हवाली करतो, पालखी मात्र भुईला टेकू देत नाही, ही खांदेपालट. मंत्रिमंडळाच्या वार्तेत हा शब्द वाचणाऱ्या किती जणांस हे चित्र स्मरत असेल?

मुरुडात वाढलेल्या धोंडो केशव कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले: हा बदल, जुन्या नावाच्या जागी नवे आले. गावाने मात्र कुटुंबावर बहिष्कार घातला. माणसे तीच राहून त्यांची मते फिरावयाची होती. तो पालट, आणि त्यास कालावधी लागला. १९५८ साली कर्व्यांस भारतरत्न मिळाले, तेव्हा त्यांचे वय शंभर वर्षांचे होते, आणि मुरुड त्यांचे नाव अभिमानाने सांगू लागले होते.

इंग्रजी 'चेंज' या दोन्ही क्रियांस एकच नाव देतो. आपल्यापाशी दोन आहेत. वाचकहो, दोन्ही वापरात ठेवा, आणि मुरुडास याल तेव्हा हवापालटासाठी या.