ज्या प्रकल्पात पालघर अजून ठाणे जिल्ह्यात आहे

समजा, सफाळ्याच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलीने ‘आमची वैतरणा’ या विषयावर प्रकल्प केला आहे. अक्षर वळणदार, समासाला हिरव्या स्केचपेनची रेघ, मुखपृष्ठावर तारपा नाच. पहिल्याच पानावर वाक्य आहे : ‘वैतरणा नदी त्र्यंबकजवळ उगम पावून ठाणे जिल्ह्यातील पालघर तालुक्यातून वाहत अरबी समुद्रास मिळते.’ बाई इथे थांबतात. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. तेव्हा ही मुलगी शाळेतही जात नव्हती. तिच्या दाखल्यावर, आधारकार्डावर, घराच्या वीजबिलावर सगळीकडे ‘जि. पालघर’ आहे. मग हे ठाणे आलं कुठून?

आलं ते एखाद्या जुन्या पुस्तकातून. लिहिणाऱ्याने लिहिलं तेव्हा ते बरोबरच होतं. त्याच्यावरून कुणीतरी इंटरनेटवर चढवलं, तिथून ते वहीत उतरलं. शिवाय दोन ओळींनंतर ‘पावसाळ्यात पूल बघायला भारी वाटतं’ असं लिहिणारी मुलगी ‘समुद्रास मिळते’ असं म्हणेल का? वाक्याच्या मागे त्याचं वय आणि घराणं दोन्ही उभं असतं, आणि ते लपत नाही. मला या साऱ्या प्रकरणातली गंमत इथेच वाटते. उचललेला मजकूर पकडायला सॉफ्टवेअर फार नंतर आलं. त्याच्या कितीतरी आधीपासून मजकूरच चुगली करत आला आहे.

ही चुगली ऐकण्याचं एक शास्त्र आहे आणि त्यातलं एक मोठं काम पुण्यात झालं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली, ती १९६६ साली पुरी झाली. त्यासाठी ठिकठिकाणांहून मिळवलेली १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. अशा कामात कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरवली, हे कळतं कसं? बरोबर मजकुरावरून नव्हे. बरोबर ओळ दहा जणांकडे सारखीच असणार. कळतं ते चुकांवरून. एका लेखनिकाची नजर एका ओळीवरून घसरली आणि त्याने एक श्लोक गाळला, तर त्याच्यावरून नक्कल करणाऱ्या साऱ्यांचा तोच श्लोक गळतो. दोन पोथ्यांत तीच विचित्र चूक दिसली की त्यांचं नातं जुळलं म्हणून समजा. गणिताच्या पेपरात शेजारी बसलेल्या दोघांचं उत्तर बरोबर आलं तर सर काही म्हणत नाहीत. दोघांनीही सात सक्के पंचेचाळीस केलं, तर मात्र दोघांनाही उभं करतात. तत्त्व तेच.

आता सॉफ्टवेअर. ते मजकूर ‘वाचतं’ असं मुलांना वाटतं. ते वाचत नाही, ते तुकडे पाडतं. एक वाक्य घेऊ : ‘वैतरणा पुलावरून गाडी जाताना खाडीचं पाणी संथ दिसतं.’ शब्द आठ. पाच शब्दांची एक चौकट घ्या आणि ती एकेक शब्द पुढे सरकवा. पहिली चौकट ‘वैतरणा’पासून ‘खाडीचं’पर्यंत, दुसरी ‘पुलावरून’पासून ‘पाणी’पर्यंत, अशा चार चौकटी मिळतात. यंत्र प्रत्येक चौकटीवर ठरलेली आकडेमोड करून तिचा एक आकडा काढतं. हा त्या पाच शब्दांचा ठसा. मग कोट्यवधी पानांचे असे ठसे आधीच साठवलेले असतात, त्यांच्याशी तो जुळवून बघतं. सगळे ठसे ठेवायचे तर जागा पुरणार नाही, म्हणून त्यांतले काही निवडून ठेवण्याच्या हुशार पद्धती गणितज्ञांनी शोधल्या आहेत.

आता तुम्ही चलाखी केली. ‘संथ’ खोडून ‘शांत’ लिहिलं. काय झालं? तिसरी आणि चौथी चौकट मोडली. पहिली आणि दुसरी जशीच्या तशी शिल्लक. एक शब्द बदलून चारांतले दोन ठसे पुसले गेले, दोन राहिले. दोन पानी प्रकल्पात असे शेकडो ठसे राहतात, आणि सगळे पुसायचे तर इतके शब्द बदलावे लागतात की त्यापेक्षा स्वतः लिहिलेलं परवडतं!

‘पण सर, योगायोगाने जुळलं असेल!’ हे उत्तर प्रत्येक वर्गात येतं. हिशेब करून बघू. एखादं वाक्य लिहिताना प्रत्येक जागी तुमच्यापुढे समजा फक्त तीनच पर्याय आहेत : पाणी, जल किंवा लाटा; संथ, शांत किंवा स्थिर. आठ शब्दांच्या वाक्याच्या ६,५६१ तऱ्हा होतात. अशी लागोपाठ दोन वाक्यं घेतली तर ४,३०,४६,७२१. हिशेब ढोबळ आहे. भाषेत काही शब्द एकमेकांचा हात धरूनच येतात. तरीही चार कोटींच्या वर! एकाच पुलाकडे एकाच खिडकीतून बघणाऱ्या दोन मैत्रिणी सलग दोन वाक्यं शब्दशः सारखी लिहीत नाहीत. माणसाची भाषा इतकी मोकळी आहे, हे मला त्या यंत्रापेक्षा जास्त थक्क करणारं वाटतं.

मात्र नक्कल केली म्हणून शिक्षा, एवढ्यावर हा विषय संपवणं मला पटत नाही. पुढे महाविद्यालयात ती आहेच : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातला साठ टक्क्यांहून जास्त मजकूर दुसऱ्याशी जुळला तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होऊ शकते. शाळेत खरा तोटा वेगळा आहे. तो बघायला आपल्या नदीचंच नाव असलेल्या एका जहाजाकडे जाऊ.

‘वैतरणा’ ही आगबोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेचे दिवे असल्यामुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. तिच्यावर गुजरातीत गाणी झाली, कादंबरी झाली. आता प्रकल्पासाठी एकच प्रश्न विचारा : माणसं किती गेली? कुठे साडेसातशेच्या आसपासचा आकडा मिळेल, कुठे थेट तेराशे. दंतकथेत तर बोटीवर लग्नाची वऱ्हाडंच्या वऱ्हाडं आहेत. तेराशे लिहिणारी दहा पानं सापडली म्हणजे दहा साक्षीदार मिळाले असं नाही. दहाही पानं एकमेकांवरून उतरवलेली असतील, तर साक्षीदार एकच, आणि तोही गाणं म्हणणारा. आकड्याखाली ‘हे अमुक ठिकाणाहून घेतलं’ असं लिहिलेलं असतं, तर आपण मागे चालत मूळ नोंदीपर्यंत पोचलो असतो. संदर्भ न देता उतरवणारा माणूस मागच्या लेखकाचं श्रेय तर घेतोच, शिवाय पुढच्या वाचकाची परतीची वाट बुजवतो. हा दुसरा गुन्हा मला जास्त मोठा वाटतो.

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ही वाट जपायची फार काळजी. ज्ञानेश्वरांनी गीतेवर लिहिताना आपण कुणाच्या मागून चाललो ते मोकळेपणाने सांगितलं. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत केली. त्यांच्यापुढची अडचण उलटी होती. लोक ज्ञानेश्वरांचं चोरत नव्हते, स्वतःच्या ओव्या ज्ञानेश्वरांच्या नावावर घुसडत होते! नाथांनी शेवटी लिहून ठेवलं की असं कुणी करू नये, आणि तेही चांगल्या कडक शब्दांत. म्हणजे दुसऱ्याचं आपलं म्हणणं वाईट, तसं आपलं दुसऱ्याच्या तोंडी घालणंही वाईटच.

हल्ली तिसरीच जात आली आहे : मोबाइलवरच्या एआयला सांगायचं, ‘वैतरणा नदीवर निबंध लिही.’ तो मजकूर सहसा ठशांत जुळत नाही, कारण तो दर वेळी नवा जुळवलेला असतो. एआयने लिहिलेलं ओळखण्याचा दावा करणारी साधनं भरवशाची नाहीत. ती प्रामाणिक मुलावरही बोट ठेवतात. पण बाईंकडे त्याहून साधा उपाय आहे. वही मिटायची आणि विचारायचं, ‘हे दुसरं पान मला तोंडी सांग बघू.’ शिवाय एआय अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावं छातीठोकपणे देतो. संदर्भात असं पुस्तक आलं आणि ते ग्रंथालयात कुणालाच सापडलं नाही, की पुढचं बोलणं अवघड होतं.

मग घ्यायचं काय नि कसं? वैतरणा पश्चिमेकडे वाहते, याला संदर्भ लागत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. एखादा आकडा, एखाद्याचं मत, एखाद्याने काढलेला फोटो, याला लागतो. दुसऱ्याचं वाक्य आवडलं तर जसंच्या तसं घ्या, पण अवतरणचिन्हात, लेखकाच्या नावासकट. बाकी मजकुरासाठी जुनी युक्ती : वाचा, पुस्तक बंद करा, घरात कुणाला तरी आपल्या बोलीत सांगा, मग लिहा, आणि शेवटी आकडे ताडायला पुस्तक उघडा. पुस्तक उघडं ठेवून ‘स्वतःच्या शब्दांत’ लिहायला बसलात, तर वाक्य लेखकाचं आणि शब्द तेवढे तुमचे, असा प्रकार होतो. नाव न देता केलेली तीही नक्कलच.

राहिलं मुखपृष्ठावरचं वारली चित्र. तारपा नाचाचं रिंगण कुणा एकाचं नाही. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या लग्नाचे चौक लिहिले, त्यावर सही नव्हती. ही कला एकमेकींचं बघूनच शिकली जाते, आणि त्यात चोरी नाही. पण डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि कापडावर नेली, स्वतःच्या चित्रांनी जगभर पोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र त्यांचंच आहे. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच हक्कासाठी : नाव वारल्यांचं आणि माल भलत्याचाच, असं होऊ नये म्हणून. तेव्हा रिंगण स्वतःच्या हाताने काढलंत तर ‘वारली शैलीत’ असं खाली लिहा. छापील चित्र चिकटवलंत तर चित्रकाराचं नाव शोधून लिहा.

वैतरणेवर प्रकल्प करणाऱ्यांना एक सुचवतो. नदीच्या दोन रेल्वेपुलांच्या मधे वाढीव बेट आहे. तिथली माणसं वर्षानुवर्षं रुळांच्या कडेने पूल चालून स्टेशन गाठत आली आहेत. पुलावर तुम्ही जाऊ नका. स्टेशनवर, बाजारात, वर्गात तिथलं कुणी भेटेल, त्यांच्याशी बोला. पूर, रेतीउपसा, रात्री-अपरात्री दवाखाना कसा गाठतात, हे विचारा. त्यांनी परवानगी दिली तर शेवटच्या पानावर त्यांचं नाव, गाव आणि बोलण्याची तारीख लिहा. आणि जिल्हा ‘पालघर’ लिहायला विसरू नका.