चिल्ल्याचे चाळीस दिवस आणि आईची काळजी

बाळाच्या कानात अजान दिली, अकीक्याची तयारी सुरू झाली की घरादाराचे लक्ष बाळाकडे वळते. आईला काय हवे, हे विचारणारे थोडेच उरतात. वास्तविक तिला विश्रांती मिळावी म्हणूनच आपल्या घरांत चाळीस दिवसांचा चिल्ला पाळतात. सूरह लुकमानमध्ये (आयत 14) गर्भवतीच्या वाढत्या अशक्तपणाचा उल्लेख आहे, तर सूरह बकराने (आयत 233) अंगावर पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकली आहे.

हा आधार जाणतेपणाने दिला तर जीव वाचतात, हे आपल्याच महाराष्ट्राने दाखवून दिले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या गरोदर स्त्रियांना माहिती देत आणि बाळंतपणानंतर घरी जाऊन आई-बाळाला तपासत. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 2011 मध्ये देशाने ही पद्धत स्वीकारली.

म्हणून आज दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. हा जवळजवळ आपला चिल्लाच! त्यांना दारातूनच परत पाठवू नका.

शिकण्याची सुरुवात मात्र आधीच व्हावी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. अंगणवाडीतील आरोग्य व पोषण दिवशी आहार, लोहाच्या गोळ्या, धोक्याची लक्षणे समजावून सांगतात. तिथे सुनेबरोबर सासूबाईंनीही जावे. घरात शेवटी त्यांचाच शब्द चालतो. पहिला चीक फेकू नये, पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावे, सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, मध किंवा घुट्टी चाटवू नये, हे त्यांना पटले तर निम्मे काम झाले.

बिलोली तालुका तेलंगणाच्या सीमेवर. सोयरिकी बोधन-निजामाबादपर्यंत जुळतात आणि पहिले बाळंतपण माहेरी. अशा वेळी माता व बाल संरक्षण कार्ड मुलीसोबत गेलेच पाहिजे. माहेरी पोहोचताच तिथल्या आशाताईंकडे नोंद करावी, नाहीतर ती दोन्हीकडच्या यादीतून निसटते.

फार रक्तस्राव, ताप, झटके, तीव्र डोकेदुखी किंवा बाळ दूध ओढेनासे होणे, यांपैकी काहीही दिसले तर चिल्ला पुरा होण्याची वाट पाहू नका. 102 किंवा 108 ला फोन करून लगेच दवाखाना गाठा. बाळंतीण सतत रडत असेल, गप्प राहत असेल, तर तिला नखरेल म्हणू नका. डॉक्टरांना सांगा.

आणि भावांनो, रात्री बाळ रडले तर तुम्हीही उठा. चिल्ला तिचा असला तरी जबाबदारी दोघांची आहे.