समुद्रातल्या एका खड्ड्यात ५७०० वर्षांची वादळं कशी सापडली?

‘असं वादळ याआधी कधी आलंच नव्हतं.’ प्रत्येक मोठ्या वादळानंतर हे वाक्य ऐकू येतं. पण ‘याआधी’ म्हणजे नेमकं कधीपासून?

आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो, त्यालाच अटलांटिक आणि कॅरिबियन भागात हरिकेन म्हणतात. तिथल्या हरिकेनची अधिकृत नोंद १८५१ पासूनची आहे. उपग्रह आले १९६० च्या दशकात. त्याआधी भर समुद्रात वादळ झालं आणि एकही जहाज त्यात सापडलं नाही, तर ते कुणाला कळायचंही नाही. म्हणजे भरवशाची माहिती जेमतेम काही दशकांची. आज वादळं वाढताना दिसतायत, तो नेहमीचा चढउतार आहे की काहीतरी नवं घडतंय, हे एवढ्या माहितीवर सांगणं कठीण आहे.

मग शास्त्रज्ञांनी गाळ उकरायला सुरुवात केली. या शाखेला पॅलिओटेम्पेस्टोलॉजी असं जिभेला न पेलणारं नाव आहे, पण कल्पना सोपी आहे. १९९० च्या दशकात काम-बियू लिऊ यांनी अमेरिकेतल्या अलाबामात किनाऱ्यालगतच्या शेल्बी तलावाचा तळ तपासला. मोठ्या वादळात समुद्राचं पाणी वाळूच्या टेकड्या ओलांडून तलावात घुसतं आणि सोबत वाळू आणतं. चिखलात वाळूचा थर दिसला की समजायचं, इथे वादळ येऊन गेलंय. अडचण एकच, अशा तलावात सहसा फक्त जबरदस्त वादळांचीच खूण उरते.

बेलिझजवळच्या ‘ग्रेट ब्लू होल’ने ही अडचण बरीच कमी केली. समुद्रातला हा गोल निळा खड्डा इन्स्टाग्रामवर अनेकांनी पाहिला असेल. सुमारे ३०० मीटर रुंद, १२५ मीटर खोल. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती, तेव्हा इथे कोरडी गुहा होती. पुढे तिचं छत कोसळलं आणि समुद्र आत आला.

याच्या तळाशी ऑक्सिजन नाही. त्यामुळे गाळ उकरणारे किडे किंवा खेकडे तिथे जगत नाहीत आणि थर जसेच्या तसे राहतात. एरवी बारीक गाळ बसतो, त्याचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो. म्हणून झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तशी वर्षं मोजता येतात. वादळ आलं की भोवतीच्या प्रवाळांवरची जाडसर वाळू आत पडते आणि बारीक गाळात ती लगेच वेगळी दिसते.

२०२२ मध्ये इथून गाळाचा ३० मीटर लांबीचा नमुना काढण्यात आला. त्याचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ५७०० वर्षं, ५७४ वादळं. एका शतकात कमीत कमी ४, जास्तीत जास्त १६. गेल्या दोन दशकांत मात्र ९! हाच वेग टिकला तर शतकाला ४५.

या हजारो वर्षांत वादळं हळूहळू वाढतच गेली आहेत. त्यामागे विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकणं हे मोठं कारण मानलं जातं. आपला मान्सूनही याच पट्ट्याच्या हालचालीशी जोडलेला आहे. पण पट्टा सरकायला शतकं लागतात. गेल्या वीस वर्षांतली उसळी त्यात बसत नाही. संशोधक तिचा संबंध तापत चाललेल्या समुद्राशी लावतात.

समुद्र थंड असला तर काय होतं, याचाही पुरावा आहे आणि तो भलत्याच ठिकाणी सापडला. वादळाच्या वर्षी फ्लोरिडातल्या पाइन झाडांची वाढ खुंटते, वर्तुळ बारीक पडतं. २०१६ मध्ये संशोधकांनी ही वर्तुळं बुडालेल्या स्पॅनिश जहाजांच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिली. दोन्ही जुळल्या. मग फक्त जहाजांच्या नोंदींवरून त्याआधीची वर्षं वाचता आली. १६४५ ते १७१५ या काळात सूर्य मंदावला होता, अटलांटिक थंड होता. त्या काळात कॅरिबियनमधली हरिकेन ७५ टक्क्यांनी घटलेली दिसली.

अर्थात ब्लू होल सांगतं ते फक्त त्याच्या आसपासचं. शेकडो किलोमीटर लांबून गेलेल्या वादळाची वाळू तिथे पोहोचत नाही. पण बेलिझच्या लोकांसाठी तेवढंच पुरेसं महत्त्वाचं आहे. १९६१ च्या ‘हॅटी’ हरिकेनमध्ये बेलिझ सिटी इतकी उद्ध्वस्त झाली, की पुढे राजधानीच आतल्या भागात, बेलमोपानला हलवली गेली. बेलिझ सिटी आजही देशातलं सर्वात मोठं शहर आहे, आणि ते समुद्राला लागूनच आहे.