थंड हवेतला कुबट वास

वातानुकूलन यंत्र पूर्वी मोठ्या कचेऱ्यांत आणि चित्रपटगृहांतच दिसत असे. आता ते अनेक घरांतही आले आहे. लोक त्याला नुसते 'एसी' म्हणतात. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना एसीच्या खोलीत पाऊल टाकले, की किती बरे वाटते! पण कधी कधी यंत्र सुरू करताच थंड हवेबरोबर एक नकोसा वासही येतो. पावसाळ्यात न वाळलेल्या मोज्यांना येतो, तसाच हा वास असतो. मराठीत त्याला 'कुबट वास' म्हणतात.

हा वास आला, की काही लोक खोलीत सुगंधी फवारा मारतात. काही जण अत्तराचा फाया ठेवतात. थोडा वेळ बरे वाटते. पण दुसऱ्या दिवशी वास पुन्हा हजर! असे का होते? हे समजण्यासाठी एसीच्या पोटात काय चालते, ते पाहिले पाहिजे.

एका पेल्यात बर्फाचे पाणी भरून तो टेबलावर ठेवा. थोड्याच वेळात पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर पाण्याचे थेंब जमतात. हे पाणी पेल्यातून पाझरलेले नसते. हवेत पाण्याची वाफ असते. ती थंड पेल्याला लागली, की तिचे पुन्हा पाणी होते. एसीतही असेच घडते. त्याच्या आत तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या थंड नळ्या असतात आणि नळ्यांवर पातळ पत्र्याच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. यंत्रातील पंखा खोलीतील हवा ओढून या नळ्यांवरून नेतो. हवा गार होते आणि तिच्यातील वाफेचे पाणी होऊन ते पट्ट्यांवरून ओघळते. खाली एक पन्हळ असते. त्यात जमलेले पाणी एका नळीने घराबाहेर जाते. मुंबई, रत्नागिरी अशा समुद्राजवळच्या दमट गावांत घरातला एक एसी तासाभरात एक लिटरहून अधिक पाणीही काढू शकतो.

खरे तर हवेतील ओलावा काढण्यासाठीच हे यंत्र जन्माला आले. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात एक छापखाना होता. दमट हवेत तेथील कागद ओलावा शोषून फुगे आणि कोरड्या हवेत आकसे. त्यामुळे रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. १९०२ साली विलिस कॅरिअर या पंचवीस वर्षांच्या अभियंत्याने यावर उपाय शोधला. त्यांनी थंड नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातील ओलावा कमी करण्याची यंत्रणा आखली. आजच्या वातानुकूलनाची सुरुवात तेथून झाली, असे मानतात.

म्हणजे एसीच्या आत पाणी असणे हा दोष नाही. ते पाणी तेथेच राहणे हा दोष आहे. खोलीतील धूळ, कपड्यांचे बारीक तंतू आणि स्वयंपाकाच्या धुरातील तेलकट कण हवेबरोबर यंत्रात जातात. जाळीतून निसटलेले कण ओल्या पट्ट्यांना चिकटतात. ओल, अंधार आणि धुळीचे खाद्य मिळाले, की तेथे बुरशी व सूक्ष्म जिवाणू वाढू लागतात. वाढताना ते काही वायू बाहेर टाकतात. तोच तो कुबट वास! यंत्र बंद असताना हा वास आत साचून राहतो. म्हणून यंत्र सुरू केल्यावर पहिल्या झोताबरोबर तो अधिक जाणवतो. अत्तराने हा वास झाकला जातो. पण बुरशी जागच्या जागीच राहते.

हा प्रश्न केवळ नाकाला त्रास होण्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, श्वसनाचे विकार आणि दमा होण्याचा धोका अधिक असतो, असे त्यांत सांगितले आहे. घरात दम्याचे रुग्ण, म्हातारी माणसे किंवा तान्ही मुले असतील, तर कुबट वासाकडे दुर्लक्ष करू नये.

मग उपाय काय? पहिला उपाय अगदी सोपा आहे. एसीचे झाकण उघडले, की समोर धूळ अडवणारी जाळी दिसते. मोठ्या माणसांनी आधी भिंतीवरील बटण बंद करावे. मग जाळी काढून साध्या पाण्याने धुवावी आणि सावलीत पूर्ण वाळवून बसवावी. यंत्र रोज वापरात असेल, तर दर पंधरा दिवसांनी असे करणे चांगले.

दुसरा उपाय म्हणजे पाण्याच्या वाटेवर लक्ष ठेवणे. दमट दिवसांत एसी चालू असताना बाहेरच्या नळीतून पाणी ठिबकले पाहिजे. ते ठिबकत नसेल किंवा घरातल्या भिंतीवर ओघळत असेल, तर नळी तुंबली आहे असे समजावे. या नळीचे तोंड कधी कधी गटारात सोडलेले असते. मग गटाराची दुर्गंधी नळीतून उलटी घरात येते. अशा वेळी नळीचे तोंड तेथून हलवावे लागते.

तिसरा उपाय यंत्र बंद करताना करायचा आहे. थंडावा बंद करून नुसता पंखा पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा. त्यामुळे आतील ओल बरीचशी सुकते. मधूनमधून खिडक्याही उघडाव्यात. कारण घरातला एसी बहुधा खोलीतीलच हवा पुन्हा पुन्हा फिरवत असतो.

एवढे करूनही वास गेला नाही, तर कारागिराला बोलवावे आणि नळ्या, आतला पंखा व पन्हळ धुऊन घ्यावी. वायर जळल्यासारखा वास आला, तर मात्र यंत्र ताबडतोब बंद करावे. तो वास बुरशीचा नसतो.

ज्यांच्या घरी एसी नाही, त्यांनाही हे उपयोगी आहे. मालेगाव, जळगाव यांसारख्या कोरड्या हवेच्या गावांत उन्हाळ्यात कूलर वापरतात. काही कूलरच्या जाळीत वाळा, म्हणजे खस, भरतात. त्यातील पाणी शिळे झाले, की वाळ्याचा सुगंध जाऊन घाण वास येऊ लागतो. त्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारे डासही अंडी घालतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून, कोरडी करावी.

ज्याला मराठीत 'ओल' म्हणतात, त्यालाच उर्दूत 'सीलन' म्हणतात. शब्द वेगळे असले, तरी तिचा वास दोन्ही भाषांत एकच निरोप देतो : कोठेतरी पाणी अडले आहे. तो निरोप अत्तराने दाबू नये. पाण्याला वाट करून द्यावी, म्हणजे वास आपोआप निघून जातो.