ट्रान्सफॉर्मर जळण्याआधीच तेल देतं इशारा

बेळगाव : भर उन्हाळ्यात वीज गेली की बेळगाव, निपाणी भागात पहिला प्रश्न येतो, ‘टीसीला काय झालं?’ पलीकडे कागल, चंदगडात त्यालाच ‘डीपी’ म्हणतात. गल्लीतली टीसी बदलता येते. पण सबस्टेशनमधला मोठा ट्रान्सफॉर्मर गेला तर अनेक गावांचे पंप बंद पडतात आणि दुसरा आणून बसवणं सोपं नसतं. म्हणूनच केपीटीसीएल असो वा महापारेषण, मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी केली जाते. तिला ‘डीजीए’ म्हणतात.

ट्रान्सफॉर्मरमधली तांब्याची वेटोळी कागदात गुंडाळून तेलात बुडवलेली असतात. आत कुठे जास्त तापलं किंवा ठिणगी पडली की तेल आणि कागद यांचं विघटन होऊन वायू तयार होतात. ते तेलातच विरघळतात. प्रमाण अगदी थोडं, दहा लाख भागांत काही भाग, म्हणजे पीपीएममध्ये मोजण्याइतकं.

कोणता वायू वाढला, यावरून बिघाड ओळखतात. मुख्यतः हायड्रोजन असेल तर बारीक विद्युत विसर्जन. इथिलीन वाढलं तर तेल फार तापलंय, जोड ढिला असू शकतो. ॲसिटिलीन दिसलं तर आत ठिणग्या उडत असण्याची शक्यता. कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढला तर कागद जळत असल्याची शंका येते. हे सर्वांत महागात पडतं, कारण तेल बदलता येतं, कागद बदलायचा तर वाइंडिंगच नवं करावं लागतं.

नमुना काचेच्या सिरिंजमध्ये, हवेचा बुडबुडा न येऊ देता घेतात. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर वायू वेगळे करून मोजले जातात.

मात्र एकाच आकड्यावर निर्णय होत नाही. टॅप चेंजरचं तेल मुख्य टाकीत झिरपलं तरी ॲसिटिलीन दिसतं. त्यामुळे मागच्या अहवालाशी तुलना करून वायू किती वेगानं वाढतोय, हे पाहावं लागतं.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. तेल फिल्टर करून त्यातला वायू काढला की पुढचा अहवाल स्वच्छ येतो, पण बिघाड जागेवरच असतो. म्हणून फिल्टर करण्याआधी नमुना घ्यायचा, नंतर काही दिवसांनी पुन्हा तपासायचा. वायू परत वाढू लागला, तर ट्रान्सफॉर्मर बंद करून आत पाहण्याची वेळ आली, असं समजावं. ठरवून घेतलेलं हे शटडाऊन अचानक आलेल्या अंधारापेक्षा केव्हाही परवडतं.